शेंदराखालची धार

मी पार्वताबाईच्या विहिरीवरची सातवी आसरा, पाण्याची देवी, बोलतेय. माझ्यापुढे लोकांनी पुष्कळ नवस केले. मी मात्र सगळ्या जन्मात एकच केला. दगडाने नवस करावा याचं हसू आलं तर हसा बापडे. पण तो का करावा लागला, तेवढं ऐकून घ्या. माझा राग अजून निवलेला नाही.

मुळात मी देव नाहीच. मी हातकुऱ्हाड. दगडाची, बिनदांड्याची, मुठीत मावणारी. लाखो वर्षांपूर्वी एका बाईने पाण्याकाठी बसून मला घडवलं. आज जिथे कपाशी उभी असते, तिथे तेव्हा डोक्याएवढं गवत होतं आणि त्यातून हत्ती चालायचे. पाण्याचा पैलतीर दिसत नसे. इथे समुद्र होता, म्हणून आमच्या विहिरी खाऱ्या, असं लोक म्हणतात. मला समुद्र ठाऊक नाही. ते पाणी ठाऊक आहे. शेवटची कपची उडवताना माझी धार त्या बाईच्या बोटाला लागली. तिने बोट तोंडात घातलं आणि हसली. धार जमली होती ना!

तिची माणसं त्या काठावर राहिली, जेवली, निजली. मग पाणी हटलं, नदी सरकली. आमच्यावर वाळूगोटे आले, गाळ आला, शेवटी काळी माती आली. मी आणि माझ्या शेकडो बहिणी खाली गाढ झोपलो.

एका पुरात दरड कोसळली आणि मी उघडी पडले. पार्वताबाई धुणं घेऊन आली होती. तिच्या विहिरीवरच्या सात आसरांपैकी एक बैलाच्या पायाखाली फुटली होती. तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि रिकाम्या जागी बसवलं. दरवर्षी तेल-शेंदूर लागत गेला. वीस वर्षांत एवढी जाड खोळ चढली, की माझी धार मलाच आठवेना.

पाऊस पाड, बोंडअळी ने, सुनेला मुलगा दे. मागणं संपेना. तू कोण, कुठली, हे एकानेही विचारलं नाही.

तीन वर्षं कपाशीने दगा दिला, तेव्हा तिच्या मालकांनी, नत्थुजींनी, काठावरचा मुरूम खोदायला हो म्हटलं. त्यांची अडचण मला कळते, तरी मी पेटले. मशीनने अर्धा काठ आठ दिवसांत ओरबाडला. माझ्या बहिणी अंजनगावच्या वाटेवर रोलरखाली चिरडल्या. माणूस जिथे पहिल्यांदा निर्धास्त निजला, ती जागा रस्त्याच्या खड्ड्यात भरली. आणि पुढच्याच पावसात तो खड्डा पुन्हा पडला.

अकोल्याला कॉलेजात शिकवणाऱ्या निखतला रस्त्याच्या ढिगात दगडी हत्यारांचे तुकडे दिसले, म्हणून ती माग काढत आली. तिने तुकडे पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना नेऊन दाखवले. ते म्हणाले, हे तर मशीनने फुटलेले दगड. मशीन यायच्या आधी सापडलेलं, अख्खं एक तरी हत्यार आणा. सोमवारी मशीन उरलेल्या काठावर येणार होतं. दमलेली निखत विहिरीवर टेकली आणि आमच्याकडे पाहतच राहिली. सहा जणी गोल, एक टोकदार.

"मावशी, ही सातवी कुठची?"

"पुरात सापडली. मशीनच्या लय आधी."

"एकदा शेंदूर काढून पाहू द्यान का?"

पार्वताबाईचा चेहरा उतरला. देव आपली खोळ आपणच टाकतो. माणसाने तिला नख लावायचं नसतं. त्यातून घरात तिची लेक सीमा बाळंतपणाला आलेली, आठवा सरलेला. आणि आसरा कोपली, की पहिली बाळंतिणीला धरते. नत्थुजी म्हणाले, "देव सोलायले निघाली? उद्या मले सोलशीन." निखतने आग्रह धरला नाही. जाताना एवढंच म्हणाली, की त्या काठावर जुन्या माणसांची घरं होती.

मी आतल्या आत ओरडत होते. अगं, मी नाही धरत कोणाला! वीस वर्षं दिवे लावलेस आणि एवढंही ओळखलं नाहीस? पण दगडाला तोंड कुठलं? त्या संध्याकाळी मी मला घडवणाऱ्या बाईला नवस केला: माये, उरलेला काठ वाचू दे, मी देवपण सोडीन. शेंदूर, नारळ, दिवा, सगळं.

रविवारी पहाटे पार्वताबाई डोक्यावरून न्हाऊन आली. तिने आधी माझी ओटी भरली. मग तेलात भिजवलेल्या नारळाच्या शेंडीने खोळ घासू लागली.

"माय, त्यायचंबी घर होतं तिथं, असं ते पोरगी म्हणे. घर मोडू देऊन तुले कशी पुजू? राग आला तं माह्यावर ये. माह्या सीमाकडं पाहू नको."

खोळ सुटली. धार उघडी झाली आणि तिच्या बोटाला लागली. रक्त आलं. मी शरमले, पण पार्वताबाईने बोट तोंडात घातलं आणि तिचा चेहरा एकदम हलका झाला.

"घेतलं न तुह्यं? झालं आता. फिटलं."

निखत मला घेऊन गेली. सोमवारी मशीन आलं, पण पाठोपाठ खोदाई थांबवायचा सरकारी कागदही आला. अर्धा काठ वाचला. अर्धा गेला तो गेलाच, आणि माझा राग तिथेच राहिला.

आता मी अकोल्याच्या एका कपाटात कापसावर पडून आहे. अंगावर नंबर आहे, शेंदूर नाही. परवा पार्वताबाई नातीला घेऊन आली. सवयीने तिचे हात जुळले, मग सुटले. तिने नुसती माझ्यावरून बोटं फिरवली, मला घडवणाऱ्या बाईने फिरवली होती तशी. मला तेवढं पुरलं.

तुम्हीही कुठेतरी नवस बोलत असालच. एक माझ्यासारखा करा. स्वतःसाठी काही मागायचा नाही, स्वतःचं काही सोडायचा. तुमच्या गावच्या काठावर मशीन उभं असेल, तर तो आजच करा.