वेजाच्या नावाचा दगड

मित्रांनो, सौराष्ट्रातल्या एका गावाच्या शिवेवर उभा असलेला मी एक जुना पाळिया आहे. अकाली गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड. माझ्यावर घोडा आहे, स्वार आहे, तलवार आहे, आणि सत्तर वर्षे मला चैन नाही.

माझ्यावर ज्याचे नाव आहे तो वेजो आहिर विसाव्या वर्षी गेला. विहिरीत पडलेले वासरू काढायला उतरला. वासराला दोर बांधून वर धाडले. दोर पुन्हा खाली येण्याआधीच काठ ढासळला. पाथरवटाकडे मी आधीच घडवून ठेवलेला होतो. वेजाची आई म्हणाली, "घोडा कशाला? माझं लेकरू बैलावरूनसुद्धा पडायचं." बाप खेकसला, "वासरापायी मेला म्हणून सांगू का चारचौघांत? गप बस."

तेव्हापासून दर दिवाळीत काळी चौदसला घरचे शेंदूर लावतात, लापशी ठेवतात. नव्या नवरीला पाया पडायला आणून सांगतात, आमचा वेजो दरोडेखोरांशी लढता लढता पडला. दरोडेखोर आधी दोन होते, आता बारा झालेत. माझा मान वाढला, पण वेजो शेंदराखाली बुजला.

यंदा गायरानावरून शेजारच्या गावाशी वाजले. वेजाच्या भावाचा नातू मेरग, तोही विशीतलाच, हाणामारीला निघालेल्या पोरांबरोबर आला आणि माझ्या पायाशी कोयता ठेवून म्हणाला, "वेजादादा, तुमच्यासारखं मरण द्या." मी आतल्या आत तडफडलो. दगडाची हाक कुणाला ऐकू जाणार?

तेवढ्यात काठी टेकत वेजाची धाकटी बहीण आली. सगळे घर तिला फई, म्हणजे आत्या, म्हणते.

"कसलं मरण मागतोस रे शहाण्या? त्यानं जन्मात तलवार धरली नाही. वासरासाठी गेला तो."

"आणि हे आता सांगतेस, फई?"

"बापानं शपथ घातली होती. बाप गेला तरी मी मूर्ख पाळत बसले."

मेरग माझ्यापाशी खाली बसला. मग म्हणाला, "वासरू जगलं?"

"जगलं तर. त्याची गाय झाली, तिच्याच दुधावर तुझा आजा वाढला."

मेरगने कोयता उचलला आणि फईला धरून तो घराकडे वळला. बरोबरची पोरे त्याला भित्रा म्हणत पुढे गेली. त्यांतली दोघे परतली नाहीत. पाथरवटाला आणखी दोन दगडांचा निरोप गेला आहे.

मित्रांनो, शेंदूर लावा, नारळ फोडा, माझी ना नाही. पण घरातून गेलेल्या पोराची गोष्ट होती तशीच सांगा. सांगणारे आहेत तोवर विचारून घ्या. फई आता थकली आहे, आणि मला तोंड नाही.