विरोधी बाजूचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सागवानी, लांबलचक, पाठ नसलेला आणि जात्याच घाबरट. इंदूरच्या राजेंद्र नगरात मराठी मंडळींनी काढलेल्या एका शाळेच्या सभागृहात, डाव्या भिंतीशी माझी जागा आहे. मी वाळवीला घाबरतो, भंगाराच्या हातगाडीला घाबरतो. या शहराला स्वच्छतेचं असं काही वेड लागलं आहे, की जुनं दिसलं रे दिसलं की उचललंच. पण आज सांगणार आहे ती भीती निराळी.

गोपीनाथ मिस्त्रींनी मला शाळेच्या अंगणातच घडवलं. करवत जरा जास्त चालली आणि माझा एक पाय आखूड झाला. कुणी बसलं आणि हललं, की मी टकटक वाजतो. मिस्त्री ओशाळले, तुकडा ठोकून देतो म्हणाले. तेव्हाचे मुख्याध्यापक चिंतामण सर हसून म्हणाले, "राहू द्या. ह्याच्यावर बसणाऱ्याला फार आराम नकोच आहे."

कारण मला बनवलं होतं ते युवा संसदेसाठी. दरवर्षी अकरावीची मुलं सभागृहात संसद भरवतात. उजवीकडे खुर्च्यांवर सरकार, डावीकडे माझ्यावर विरोधी पक्ष. चिंतामण सरांनी एक नियम घालून दिला होता. अर्ध्या वेळात सभापतींनी घंटा वाजवायची आणि दोन्ही बाजूंनी जागा बदलायच्या. आत्ता ज्यानं बाजू मांडली, त्यानंच ती खोडायची. बोलणं जागेचं, माणसाचं नाही, आणि कुणी काय बोललं ते कुणी घरी न्यायचं नाही. त्या अदलाबदलीत मुलांची काय धांदल उडायची! एखादा आपण कुठल्या बाजूला आहोत हेच विसरायचा आणि सगळं सभागृह हसायचं. मोठी झालेली मुलं शाळेत आली, की मला थोपटून जायची. मीही तेव्हा भाव खाऊन घेतला.

अलीकडे मात्र गुडघे बदलले. तुम्हांला चेहरे दिसतात, मला गुडघे कळतात. मधल्या सुट्टीत मुलं माझ्यावर बसून सेव-परमल खातात आणि पक्षांच्या गोष्टी निघतात. एक म्हणतो, सगळे सारखेच, आपल्याला काय करायचं आहे. दुसरा रॅलीत मोटरसायकल घेऊन जातो, कारण पेट्रोल फुकट मिळतं. तिसरी म्हणते, हळू बोल, कुणी रेकॉर्ड करत असेल. पोटातलं कुणीच बोलत नाही. नुसता आखूड पाय वाजत राहतो.

यंदाचा विषय होता, 'तरुणांनी राजकीय पक्षात जावं'. खुर्च्यांवर देवांश होता, माझ्यावर संहिता. संहिताचे वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी करतात. मोठेपणी नगरसेविका व्हायचं, असं या मुलीनं माझ्यावरच बसून मैत्रिणीला सांगितलं होतं. तिनं खरी तयारी केली होती ती दुसऱ्या पाळीची, पक्षात का जावं याची. पण पहिल्या पाळीतही ती कमी पडली नाही. "पक्ष आम्हांला झेंडे लावायला बोलावतात," ती म्हणाली. "रॅलीत पेट्रोल मिळतं, पण प्रश्न विचारला की माइक बंद होतो." टाळ्यांनी सभागृह दणाणलं.

आणि तिथंच घोळ झाला. प्रमुख पाहुण्यांना घाई होती, बाहेर त्यांची गाडी सुरू होती. मुख्याध्यापिका भानुमती मॅडम राज्यशास्त्राच्या उन्मेष सरांच्या कानाशी लागल्या. अदलाबदल राहू द्या, सरळ आभार घ्या. घंटा टेबलावर तशीच राहिली आणि पाहुणे वेळेवर गेले.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी रेकॉर्ड केलेलं संहिताचं ते बोलणं गावभर फोनवर फिरलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी दोन वेगवेगळ्या पक्षांची माणसं आली. तिनं नाव एकाचंही घेतलं नव्हतं, पण दोघांनाही खात्री होती की मुलगी आपल्यालाच बोलली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ती माणसं एका गोष्टीवर एक झाली. मुलीनं सगळ्यांसमोर माफी मागायची आणि ते रेकॉर्ड होणार. नाहीतर शाळेला बघून घेऊ. मॅडम घाबरल्या आणि हो म्हणाल्या. संहितानं ऐकलं नाही, तर तिचं नाव शाळेतून काढायचं ठरलं. मला स्टोअरमध्ये टाकायचं आणि संसद कायमची बंद, हेही ठरलं.

माफीच्या दिवशी संहिता सगळ्यांच्या आधी येऊन माझ्यावर बसली. मी वाजायचा थांबेना. थोड्या वेळानं देवांश आला, पण बसला नाही.

"पप्पा म्हणून राहिले, माफी मागून घे बेटा, झंझट संपेल," संहिता म्हणाली. "आपल्याला इथंच राहायचं आहे म्हणे."

"मग मागून घे ना."

"कशाची मागू यार? ते तर बाकाचं बोलणं होतं. माझं दुसऱ्या पाळीत होतं, ते कुणी ऐकलंच नाही."

देवांशचे मामा त्या दोन पक्षांपैकीच एकात होते. तो मान खाली घालून निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. भीती काय असते, ते मला ठाऊक आहे.

सभागृह भरलं. पुढच्या रांगेत गळ्यात गमछे घातलेली माणसं फोन वर धरून बसली. संहिताच्या बाजूची मुलं माझ्यावर बसायला तयार नव्हती, ती मागे जाऊन उभी राहिली. त्या शांततेत फक्त माझी टकटक ऐकू येत होती. मॅडमनी तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, पण पुढे गेली नाही.

तेवढ्यात खुर्च्यांमधून देवांश उठला. मधली मोकळी जागा चालत आला आणि माझ्यावर बसला. मित्रांनो, इतके थरथरणारे गुडघे मी जन्मात पाहिले नव्हते.

"मॅडम, अदलाबदल राहिली आहे," तो म्हणाला. "आता ह्या बाकावर माझी पाळी आहे."

मॅडमनी पुढच्या रांगेकडे पाहिलं, मग टेबलावरच्या घंटेकडे. आणि त्यांनी घंटा वाजवली.

संहिता खुर्च्यांकडे गेली. आधी पुटपुटली, मग तिचा आवाज मोकळा झाला. "पक्षात जायलाच हवं," ती म्हणाली. "आपण नाही गेलो, तर तिथं फक्त तेच राहतील ज्यांना प्रश्न आवडत नाहीत." मग देवांशनं ते खोडून काढलं, मामांच्या मित्रांसमोर, अडखळत आणि घाम पुसत. नियमानं खुर्च्यांकडे जायची पाळी असूनही मागे उभी असलेली मुलं एकेक करून आली आणि त्याच्या शेजारी बसली. उन्मेष सर पुढच्या रांगेत जाऊन हलक्या आवाजात आमचा नियम समजावत होते. एका माणसानं फोन खाली घेतला, दुसऱ्यानं नाही घेतला. माफीचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. पण उद्या निघणार नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

म्हणून माझी भीती गेलेली नाही. संहिता शाळेत येते, मी डाव्या भिंतीशी आहे, आणि फाटकाशी गाडी थांबली की आम्ही दोघंही दचकतो. काल शिपायानं पुठ्ठ्याची घडी आणली. आवाज फार करतो म्हणून माझ्या पायाखाली सारणार होता. देवांशनं ती काढून घेतली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा पायही नको. पुढच्या वर्षी घंटा वाजेल तेव्हा गुडघे कापतील, मीही वाजेन. वाजू द्या. फक्त येऊन बसा. कारण मला सगळ्यांत जास्त भीती वाळवीची नाही, की भंगाराच्या गाडीचीही नाही. माझ्यावर कुणीच बसलं नाही, तर मी अगदी शांत असेन.