आतल्या खिशाला जीभ नसते

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. अंगाने पितळी, वजनाने चांगली सात किलोंची आणि स्वभावाने थोडी गर्विष्ठ. मित्रांनो, इतकी वर्षे मी सुरकुत्यांशिवाय कुणाचेही वाईट केले नव्हते. म्हणूनच त्या दिवशी जे झाले, ते आठवले की पोटात निखारे असूनही मला आजही गार पडल्यासारखे वाटते.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, कानशीने कडा घासल्या, वर लाकडी मूठ बसवली. एका कपडे इस्त्री करणाऱ्या तरुणाने मला विकत घेतले. आता तो म्हातारा झाला आहे आणि सगळी गल्ली त्याला बाबा म्हणते. गुडघे दुखू लागले तेव्हा त्याने माझी मूठ आपल्या सुनेच्या हातात दिली. तिला सगळे ताई म्हणतात. ताईचा हात असा बसलेला की कॉलरचे टोक एका फेऱ्यात ताठ! "तुमच्या हातची घडी मोडवत नाही हो," असे गिऱ्हाईक म्हणाले की कौतुक तिचे व्हायचे आणि फुगायची मी.

दुकान म्हणजे एक टेबल, एक फळी आणि एक बाक. पण बाबांचा नियम मोठा कडक. कपडे घेताना गिऱ्हाईकासमोरच खिसे उलटे करायचे आणि ते तसेच बाहेर लोंबत ठेवायचे. त्यांना आम्ही जिभा म्हणायचो. जीभ बाहेर म्हणजे खिसा तपासलेला. या नियमाने कितीतरी शाईची पेने, घरांच्या किल्ल्या आणि एकदा तर कुणाची दाताची कवळी वाचली. शिवाय 'माझ्या खिशातले अमुक गेले' असे म्हणायला कुणाला जागाच उरत नसे.

आमचे एक जुने गिऱ्हाईक होते. भर उन्हाळ्यातही कोट घालायचे, म्हणून त्यांचे नाव पडले कोटवाले साहेब. त्यांना हा नियम झोंबायचा.

"इतक्या वर्षांची ओळख, आणि माझे खिसे बघता?" ते एकदा म्हणाले.

"साहेब, विश्वास आहे म्हणूनच तुमच्यासमोर बघते," ताई हसून म्हणाली. पण साहेबांचे तोंड उतरले ते उतरलेच.

पुढच्या वेळेपासून ते घरूनच खिसे उलटे करून आणू लागले. "घ्या ताई, जिभा बाहेर काढूनच आणल्यात!" बाकावरचे सगळे हसले. त्यानंतर त्यांचे कपडे पुन्हा तपासायचा ताईला संकोच वाटू लागला. बाहेर लोंबणाऱ्या जिभा दिसल्या की ती कपडे तसेच ठेवून घ्यायची.

एका सकाळी साहेब त्यांचा लोकरी कोट देऊन गेले. दोन्ही बाजूंच्या जिभा बाहेर होत्या. पण मित्रांनो, कोटाला छातीशी एक आतला खिसा असतो. तो अस्तरालाच शिवलेला, त्याला बाहेर लोंबायला जीभ नसते. हे ताईला ठाऊक नव्हते असे नाही. तिने त्यात हात घातला नाही, एवढेच.

लोकरी कापड, म्हणून तिने वर ओले फडके पसरले आणि मला दाबून फिरवले. मला एक उंचवटा लागला. मला वाटले, जाड शिवण असेल. ताईने आणखी जोर दिला.

धाड!

फडके उडाले, ज्वाळ उठली, मी टेबलावरून खाली आपटले आणि माझे निखारे फरशीवर विखुरले. ताईची किंकाळी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. बाबांनी पाण्याची बादली ओतली. धूर हटला तेव्हा तिचा उजवा हात बोटांपासून मनगटापर्यंत भाजलेला दिसला. ज्या हाताने मला इतकी वर्षे सांभाळले, त्याची मी काय गत केली!

संध्याकाळी ताई पट्टी बांधून दुकानात बसली होती. तेवढ्यात साहेब आले, सोबत त्यांची बायकोही होती. मला वाटले, विचारपूस करायला आले असतील. छे! त्यांनी जळका कोट उचलून सगळ्या गल्लीला दाखवला.

"बघा! निखारा पडला असणार यांचा. लक्ष नको कामात? माझ्या कोटात काय बॉम्ब होता?"

लोक कुजबुजू लागले. बाकावरच्या तिघांनी आपापली गाठोडी मुकाट्याने उचलली. चाळीस वर्षांत कमावलेले नाव पाच मिनिटांत दुकानाबाहेर चालले होते, आणि मला तोंड असून ते बोलणारे नव्हते.

साहेबांच्या बायकोने मात्र कोट हातात घेतला आणि आतून उलटा केला.

"अहो, बाहेरून नुसता करपलाय. भोक आतून पडलंय. निखारा आतून कसा पडेल?"

तिने आतल्या खिशात दोन बोटे घातली. वितळून चिकटलेल्या प्लास्टिकमधून तिने एक छोटा पत्रा आणि दातेरी चाक ओढून काढले. सिगारेट पेटवायचा लायटर!

तिने ते चाक साहेबांसमोर धरले.

"सहा वर्षांपूर्वी सोडली होतीत ना? मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतंत."

साहेब बाकावर बसले. "तुझ्यापासून लपवायला ठेवला होता," ते खाली मान घालून म्हणाले. "ताई, चुकलो मी."

"मीही चुकले, साहेब. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हात घातला नाही."

"भीड भिकेची बहीण, पोरी," बाबा एवढेच म्हणाले. तिघांनी गाठोडी परत फळीवर ठेवली.

आता दुकानात पाटी आहे: 'सगळे खिसे तपासले जातील, आतलेही. अपवाद कुणालाच नाही.' टेबलाखाली वाळूची बादली असते. ताईची दोन बोटे अजून पूर्ण मिटत नाहीत, म्हणून ती मला डाव्या हाताने चालवते. घडी थोडी तिरकी येते, पण कुणी तक्रार करत नाही.

मित्रांनो, दुकानदार तुमचे खिसे तपासतो तेव्हा तो तुम्हाला चोर ठरवत नसतो. रागावू नका आणि 'मला सूट द्या' असा हट्ट तर मुळीच धरू नका. आजही कोट आला की ताई मला बाजूला ठेवते आणि आतल्या खिशाकडे हात नेते. खिशाच्या तोंडाशी तो हात अडतो. तो धरायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत ना? मग कपडे देण्याआधी ते हात तुमच्याच खिशात एकदा घालून बघा.