पाच म्हणजे पाच

मधोमध झिजलेला दोर दोरवालीने कापला आणि दोन्ही टोकं मांडीवर घेतली. तासाभरात याच दोरावर तिचा धाकटा भाऊ कारखान्याचं धुराडं रंगवायला लटकणार होता.

"गाठ मार अन् मोकळी हो," मुकादम खेकसला. "स्वेटर विणायला बसलीस की काय?"

"गाठीपाशी दोराचा जोर निम्मा होतो. गेल्या साली तुमच्याच गाठीनं माझ्या नवऱ्याचा पाय घेतला. विसरलात?"

मुकादमाने घसा खाकरला. "साहेब घड्याळ बघतायत."

"बघू देत. त्यांना कुठं लटकायचंय?"

तिने टोकांचे पेड उलगडून एकमेकांत अडकवले. मग लाकडी टोच्याने फट पाडत एकेक पेड समोरच्या दोरात विणायला घेतला. बोटं सोलवटली. तिसऱ्या फेरीला भाऊ म्हणाला, "ताई, पुरे गं."

"गप. कमी फेऱ्यांत सांधा सुटतो. पाच म्हणजे पाच."

पाचवी फेरी आवळून तिने दोर मुकादमापुढे धरला. "आधी तुम्ही लटका."

सगळे रंगारी बघत होते. दोर तुळईला बांधून मुकादम चरफडत लटकला. सांधा तसूभर हलला नाही.

"उतरा आता. तुमचं धूड पेललं, तर आमचा काडीपैलवान सहज पेलेल."

दोराला बसायची फळी बांधून भाऊ हसत तिच्यावर बसला.