गाडी पेट्रोल पिऊन राह्यली

गजेंद्र काम सोडून गेल्यापासून अकोल्याची फेरी योगेशच्याच गळ्यात पडली होती. अंधार फिटायच्या आत शेवंतीचे क्रेट गाडीत चढवायचे, अमरावतीला वळसा घालून बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याचा फूलबाजार गाठायचा, माल उतरवायचा आणि ऊन चढलं की रिकाम्या क्रेटांचा खडखडाट ऐकत परत फिरायचं. घरी आल्यावर जेवण, मग वावर. शेवंतीला पाणी, वांग्याला फवारणी, संध्याकाळी पुन्हा तोडणी. दीपमाला, त्याची बायको, त्याच्या बरोबरीनं राबत होती. पण गाडी तिला येत नव्हती, आणि योगेशला आता गाडीत बसल्यावर मान ताठ ठेवणंही जड जात होतं.

अमरावतीच्या बाजारात सगळ्यांचीच फुलं असतात. अकोल्यात मात्र हारवाल्यांची नि मंडपवाल्यांची बांधलेली गिऱ्हाइकं होती, वडिलांच्या, उत्तमरावांच्या काळापासूनची. ती सोडायची म्हणजे फुलांची वाडीच सोडायची. म्हणून चार वर्षांपूर्वी त्यांनी पेट्रोलवर चालणारी लहान मालगाडी घेतली आणि योगेशचा चुलतभाऊ गजेंद्र याला गाडीवर बसवलं. गजेंद्रचं घर दोन घरं सोडून. बाप लहानपणीच वारलेला, त्यामुळे उत्तमरावांना तो 'मोठे बाबा' म्हणायचा आणि अर्ध्या वेळा जेवायला इकडेच असायचा. गाडी त्यानं पोटच्या पोरासारखी सांभाळली.

पावसाळा संपला, गाडीची सर्व्हिसिंग झाली, इंजिनमध्ये नवीन ऑइल पडलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पेट्रोल कमी पुरायला लागलं. सोमवारी टाकी भरली की बुधवार निघायचा. आता बुधवारी परतीच्या वाटेवरच काटा खाली येऊ लागला. रस्ता तोच, माल तेवढाच. योगेशनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग रोज काटा बघायला लागला. मग त्याची नजर गजेंद्रच्या मोटारसायकलवर जायला लागली. गजेंद्रनं तेव्हाच ती जुनी मोटारसायकल घेतली होती आणि संध्याकाळी तो कुठं कुठं फिरून यायचा.

"दादा, गाडी जड वाटून राह्यली," गजेंद्र एकदा म्हणाला होता. "बडनेऱ्याच्या पुलावर चढतानी दम टाकते. दाखवून घेऊ का?"

"सर्व्हिसिंग तं आताच केली," योगेश म्हणाला. "रोजच काय दाखवाचं?"

आणि एका संध्याकाळी, गजेंद्र अंगणात गाडी पुसत असताना, योगेशच्या तोंडून ते निघून गेलं.

"गजू, पेट्रोल कुठं जाऊन राह्यलं?"

"गाडी पिऊन राह्यली, दादा. मी तुले सांगतलं ना."

"गाडी पिऊन राह्यली का तुही मोटारसायकल?"

हातातलं फडकं गजेंद्रनं बादलीत पिळलं, राहिलेला दरवाजा पुसून पूर्ण केला, पाणी झाडाला ओतलं आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. आठ-दहा दिवसांत कळलं की नांदगाव पेठच्या एमआयडीसीत एका कापडाच्या युनिटमध्ये तो लागला. हे बोलणं झालं त्या संध्याकाळी उत्तमराव वावरात होते. त्यांना घरच्यांनी एवढंच सांगितलं की गजूला कंपनीत काम लागलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण मले सांगून नाही गेला." पुढं कितीतरी दिवस जेवताना ते दाराकडे पाहायचे.

योगेश स्वतः गाडी चालवायला लागला, आणि पहिल्याच बुधवारी परतीच्या वाटेवर काटा खाली आला.

त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पंपावर उभा राहून तो बराच वेळ काट्याकडे बघत राहिला, पेट्रोल भरलं आणि निघाला. पुढच्या बुधवारीही तेच. दीपमालानं शेवटी विचारलंच.

"आता तं गजू भाऊजी नाहीत गाडीवर. मंग?"

"रस्त्यावर गर्दी हाय," तो म्हणाला. "सारखा गिअर पाडा लागते."

"त्याईच्या वक्तालेही गर्दीच होती."

योगेश भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. गजेंद्रकडे जायला हवं, हे त्याला कळत होतं. पण गजेंद्र सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तेव्हा योगेश मूर्तिजापूरच्या पुढं असायचा, आणि संध्याकाळी पाय उचलत नव्हते. खरं म्हणजे पाय हे निमित्त होतं. जाऊन बोलायचं काय, तेच त्याला सुचत नव्हतं. असे दिवस जात राहिले. रस्त्यात गजेंद्रची आई भागीरथा भेटली तर ती पदर सावरून बाजूनं निघून जायची.

मग एका सकाळी बोरगाव मंजूच्या अलीकडे आरशात निळसर धूर दिसला. आधी त्याला वाटलं मागच्या ट्रकचा असेल, पण मागं ट्रकच नव्हता. त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिनाला जळक्या ऑइलचा वास येत होता. ऑइल जळतंय म्हणजे ऑइल संपत आलं असणार, असं त्याला वाटलं. थोडा वेळ इंजिन निवू दिलं, सीट उचलली, ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा आत घालून बाहेर काढली.

पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये हवं. ते वरच्या खुणेच्याही पार वर, जवळजवळ बोटभर चढलेलं होतं. त्यानं पट्टी पुन्हा पुसून पाहिली. तेवढंच.

रांगत रांगत त्यानं गाडी बोरगावातल्या एका गॅरेजपर्यंत नेली. मेकॅनिक नाश्ता करत होता. हातातला कच्चा चिवडा संपवून तो उठला, पट्टी पाहिली आणि म्हणाला, "कोणं भरलं एवढं?"

"कोणीच नाही. सर्व्हिसिंगमध्ये भरलं तेवढंच."

"मंग काय विहिरीसारखा झरा लागला का त्याले?" खालचा नट ढिला करून त्यानं ऑइल एका डब्यात सोडलं. "हे पाहा, इंजिनात खाली क्रँकचा दांडा फिरते. ऑइल जास्त झालं का तो त्याच्यात बुडून फिरते. गाऱ्यातून चालावं तसं. फेस होते, गाडी जड होते, पेट्रोल जास्त खाते. सारं याच्याच्यानंच गेलं असंन असं मी नाही म्हणत. पण यानं जातेच."

"कमी असलं तं चांगलं मंग?"

"कमी असलं तं इंजिनच जाईन ना, बापा. खुणेत ठेवाचं. बस."

त्या दिवशी फुलं बाजारात उशिरा पोचली. हारवाल्यांनी तोवर दुसऱ्यांकडून माल घेतला होता. उरलेल्या शेवंतीसाठी योगेशनं कुणाशी घासाघीस केली नाही. परतताना गाडी हलकी धावत होती, बडनेऱ्याचा पूल सहज चढली. गजेंद्र नेमकं याच पुलाबद्दल बोलला होता.

दुपारी घरी आला तेव्हा उत्तमराव ओसरीवर बसून सुतळी वळत होते. त्याची आई तानुबाई शेजारी बसून वालाच्या शेंगा निवडत होती.

"बाबा, गाडीत ऑइल कोणं टाकलं?"

"मीच टाकतो," उत्तमराव सहज म्हणाले. "दोन-चार दिवसाआड. थोडं थोडं. काहून?"

तानुबाई म्हणाली, "मीच तं डबा देतो त्याईले काढून. तुले माहीत नव्हतं?"

कुणी काही लपवलेलंच नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

उत्तमरावांची पहिली गाडी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूनं भरलेली, मूर्तिजापूरजवळ जाम झाली होती. ऑइल गळून गेलेलं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. इंजिन गेलं आणि झेंडू रस्त्याच्या कडेला गाडीतच काळा पडला. ती गोष्ट योगेशनं लहानपणापासून ऐकली होती. त्यानंतर दारात कुठलीही गाडी असो, योगेश वावरात असायचा तेव्हा उत्तमराव तिची ऑइलची पट्टी पाहून ठेवायचे.

"पण बाबा, पट्टी पाहून टाकता ना? वरच्या खुणेच्या किती वर गेलं होतं ते!"

उत्तमरावांनी सुतळी खाली ठेवली.

"खूण नाही दिसत मले," ते म्हणाले. "पहिले काळं ऑइल असे, तं उमजे. हे नवं ऑइल मधासारखं हाय. बोटाले लागते, पण कुठलोक हाय ते नाही दिसत. मले वाटे, कमी असंन तं? म्हणून टाको." मग डोळे चोळत म्हणाले, "तुह्यं तोंडही आता धुरकट दिसते."

तानुबाईचा शेंगा निवडणारा हात थांबला. योगेश चिडला असता, पण चिडायलाही अंगात काही उरलं नव्हतं. तो नुसता म्हणाला, "त्याच्यानं गाडी पेट्रोल पिऊन राह्यली होती, बाबा. मले वाटलं गजू काढते."

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलल्यावर कळलं. दीपमाला दारात उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले.

"तू त्याले तसं म्हणलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे गजू माह्यापायी गेला."

"तुमच्यापायी नाही, मामाजी," दीपमाला म्हणाली. "तुमी चांगल्यासाठीच केलं."

उत्तमराव त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

"उद्या अकोल्याहून आलो का जातो गजूकडे," योगेश रात्री बायकोला म्हणाला. ती म्हणाली, "जा," आणि त्याच्या आधी झोपली.

दुसऱ्या दिवशी तो अकोल्याहून परतत असताना बडनेऱ्याजवळ तानुबाईचा फोन आला. "तुहे बाबा गेले. नांदगाव पेठले. ऑटोत बसून गेले म्हणते. मी आंघोळीले गेलते, तं निंघून गेले. त्याईले रस्ता दिसत नाही रे!"

योगेशनं गाडी घराकडे न वळवता सरळ पुढं काढली. डोळे चुरचुरत होते. एमआयडीसीत कितीतरी गेट, त्यातलं नेमकं कुठलं हेही त्याला माहीत नव्हतं. दोन ठिकाणी चुकला. तिसऱ्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर दोघं बसलेले दिसले. उत्तमरावांचं धोतर एका बाजूनं मातीनं भरलं होतं. बहुतेक पडले होते. गजेंद्र कंपनीच्या निळ्या शर्टात, त्यांचा हात धरून बसलेला.

योगेश जवळ गेला आणि तसाच उभा राहिला.

"पहिल्या गेटवर गेलते, मंग दुसऱ्या," गजेंद्र त्याच्याकडे न पाहता म्हणाला. "वॉचमनले इचारत होते, आमचा गजू कुठं हाय म्हणून. शिफ्ट सुटली तवा दिसले."

"गजू, माह्यं चुकलं," योगेश म्हणाला.

"हो. चुकलं."

उत्तमराव म्हणाले, "मी सांगतलं त्याले सारं. मीच टाको म्हणून."

"मोठे बाबा, तुमी ऑइल टाकलं, त्याचं काही नाही," गजेंद्र म्हणाला. मग त्यानं योगेशकडे पाहिलं. "दादा, तू मले इचारलं असतं ना, का गजू घेतलं का पेट्रोल, तं मी नाही म्हणलं असतं. तू इचारलंच नाही. तू सांगतलं."

टपरीवाल्यानं न सांगताच चहाचा तिसरा कट ठेवला. योगेशनं तो उभ्याउभ्याच संपवला.

"येतं का परत गाडीवर?" योगेशनं शेवटी विचारलं.

"नाही." गजेंद्रच्या आवाजात राग नव्हता. "इथं शिफ्ट संपली का संपली. रविवारी सुट्टी असते. माय म्हणते, तुह्या तोंडावर रंग आला." थोडं थांबून म्हणाला, "पण मोठ्या बाबाचे डोळे दाखवा लागतीन. मोतीबिंदू असंन. रविवारी मी नेतो अमरावतीले. तू काही अकोल्याहून वक्तावर येत नाहीस."

"मी नाही येत दवाखान्यात," उत्तमराव म्हणाले.

"तुमाले कोण इचारून राह्यलं?" गजेंद्र म्हणाला, आणि म्हातारा चक्क हसला.

तिघं गाडीकडे आले. योगेशनं दार उघडलं. गजेंद्रनं त्याचे डोळे पाहिले, लाल झालेले, पापण्या सुजलेल्या.

"सरक तिकडं," तो म्हणाला. "असा चालवशीन तं तिघालेही घेऊन मरशीन."

योगेश वाद न घालता मधल्या जागेवर सरकला. उत्तमराव खिडकीशी बसले, धोतराला लागलेली माती झाडत. गजेंद्रनं गाडी चालू केली, क्षणभर इंजिनाचा आवाज ऐकला आणि गाडी रस्त्याला लावली. नवीन माणूस पाहावा लागेल, योगेशच्या मनात आलं. तोवर महिना-दोन महिने असंच ओढावं लागेल. उद्याची शेवंती अजून झाडावर होती. हे सगळं त्याला गजेंद्रला सांगायचं होतं, पण पहिलं वळण यायच्या आतच त्याचं डोकं वडिलांच्या खांद्यावर कललं.

"झोपला का?" गजेंद्रनं विचारलं.

"झोपला," उत्तमराव म्हणाले. "हळू घे."