उजवीकडं वळताना

सौदामिनीबाईंच्या गाडीतून धूर निघाला, ही बातमी उदगीरच्या चौकात पोचायला अर्धा तास लागला आणि लातुरात त्यांच्या मुलाला कळायला त्याहून कमी. तोवर "बाई थोडक्यात वाचल्या" इथपर्यंत मजल गेली होती. झालं होतं एवढंच, की डॅशबोर्डाखालून बोटभर धूर आला, रबर जळल्याचा वास सुटला, आणि बाईंनी गाडी कडेला घेऊन बॅटरीची तार काढली. फक्त ही दुसरी खेप होती, म्हणून मुलाला निमित्त सापडलं.

रविवारी राघवेंद्र आपली नवी करडी गाडी घेऊन हजर झाला. येतानाच भंगारवाल्याला दुपारी चारची वेळ देऊन आला होता.

"आई, काळजीपोटी म्हणतो. पंचवीस वर्षांची गाडी ती. देऊन टाक आणि लातूरला चल. वरचा मजला रिकामाच आहे."

तो वरचा मजला बाईंनी पाहिला होता. टीव्ही, खिडकी, आणि कुठं जायचं तर आधी खालच्या मजल्याची परवानगी. नवरा गेल्यावर चौपन्नाव्या वर्षी किल्ल्याजवळच्या मैदानात त्या गाडी शिकल्या होत्या. तेव्हापासून मन झालं की मुखेडचा बाजार, मन झालं की बिदर. कुणाला विचारायचं नाही, यातच सगळी मजा होती. अलीकडं मात्र राघवेंद्र फोनवर विचारायचा, "परवा बिदरला कशाला गेली होतीस?" याला कसं कळतं? शेजारची प्रियदर्शनी चुगली करते, असं बाईंनी ठरवून टाकलं. दोन महिने झाले, भिंतीवरून भाजीची वाटी गेली नव्हती की आली नव्हती.

"आधी बिघाड तर शोधू," बाई म्हणाल्या.

"इलेक्ट्रिकचं काम आहे आई. तुला नाही कळायचं."

हे मात्र बोलायला नको होतं. एकतीस वर्षं बाईंनी सातवीच्या पोरांना विद्युतप्रवाह शिकवला होता. त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"चारपर्यंत बिघाड सापडला नाही, तर गाडी भंगारात आणि मी लातुरात. सापडला, तर पुन्हा त्या मजल्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," तो जरा जास्तच चटकन म्हणाला.

स्टेशन रोडवर सरदारचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. बाई आपल्या गाडीतून तिथं गेल्या, राघवेंद्र करड्या गाडीतून मागोमाग. सरदार बाईंचाच विद्यार्थी, आता पन्नाशीला टेकलेला. त्यानं बॉनेट उघडलं, लगेच मिटलं, आणि टायरकडं बघत म्हणाला, "बाई, पुरी वायरिंग गेली. देऊन टाका आता."

"सरदार, वायरिंग वर हाय. तू टायरकडं काय बघून राहिलास?"

गृहपाठ न केलेला सरदार असाच फरशीकडं बघायचा. त्याचे कान लाल झाले. "भय्यांचा सकाळी फोन आला व्हता, बाई. असंच सांगा म्हणले."

बाईंना रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पोटचा पोरगा निकाल आधी लावून मग परीक्षेला बसवत होता. पण रडायला आता वेळ नव्हता. साडेतीन वाजले होते.

"बरं, आता डोळे उघडून बघ. पहिल्यांदा धूर आला कोर्टाच्या कोपऱ्यावर. दुसऱ्यांदा आमच्या गल्लीच्या तोंडाशी. दोन्ही वेळा मी उजवीकडं वळत होते."

सरदारचा चेहरा बदलला. तो वाकून फ्यूजच्या डबीत शिरला आणि ओरडलाच, "या अल्ला! फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार! म्हणून धूर येतोय बाई. जळायचं ते फ्यूजनं. फ्यूजच न्हाई, मंग वायर जळती. ही करणी माझी न्हाई हां!"

त्यानं ती तार उपटली आणि तिथं एक बल्ब जोडला. ही युक्ती बाईंना पाठ होती: कुठं शॉर्ट झालं की बल्ब लख्ख पेटणार, वायर मात्र वाचणार. बाई स्टिअरिंगवर बसल्या, सरदार डॅशबोर्डाखाली उताणा झाला. डावीकडं फिरवलं, बल्ब गप्प. सरळ केलं, गप्प. उजवीकडं पुरतं फिरवलं आणि बल्ब भगभगून पेटला.

"तसंच धरा, बाई!" सरदार एकेक वायर बोटानं बाजूला करू लागला. पाचव्या वायरीला बल्ब विझला. घरी समईची ज्योत गेली तर बाईंच्या काळजात धस्स व्हायचं. इथं दोघांनी मिळून जल्लोष केला.

"ही लाल वायर गाडीची न्हाई. मागून कुणीतरी जोडली. जोड उघडा हाय, उजवीकडं वळलं की स्टिअरिंगच्या लोखंडाला घासतोय." वायरीचा माग काढत त्यानं काडेपेटीएवढी काळी डबी बाहेर ओढली. उलटसुलट केली आणि आवाज खाली आणत म्हणाला, "गाडी कुठं कुठं जाती, ते मोबाइलवर दावती ही."

बाईंनी राघवेंद्रकडं पाहिलं. आता तो टायरकडं बघत होता.

"दिवाळीत गाडी धुवून आणतो म्हणून नेलीस, तेव्हा?"

"काळजीपोटीच गं आई. फ्यूज सारखा उडतोय म्हणत होता डबी बसवणारा माणूस. त्यानं तार घातली असेल. मला कुठं माहीत..."

म्हणजे बिदर असं कळत होतं. आणि ती बिचारी प्रियदर्शनी दोन महिने बाईंचं तोंड बघत उभी होती. बाईंना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्या लाजेनं राग आणखी भडकला.

"सरदार, लाल वायर काढ. माझ्या गाडीत नवा फ्यूज घाल."

राघवेंद्रनं डबीसाठी हात पुढं केला. बाईंनी तो बाजूला सारला आणि डबी सरदारच्याच हातात राहू दिली.

"आणि ही त्या करड्या गाडीत बसव. फ्यूज लावून, नीट."

"आई! काहीतरीच काय!"

"एकटा हिंडतोस बाबा, रस्ते हे असले. काळजी वाटते रे."

सरदारनं एकदा भय्यांकडं पाहिलं, एकदा बाईंकडं. "हाव, बाई," म्हणाला आणि पकड उचलून करड्या गाडीकडं निघाला.

चारला भंगारवाला शोधत दुकानावर आला तेव्हा त्याला राघवेंद्रनंच चहा पाजून वाटेला लावलं. बाई तिथं नव्हत्या. त्या प्रियदर्शनीच्या दारात हॉर्न वाजवत होत्या. ती बाहेर आली, गाल फुगवूनच.

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या. एवढं बोलणं त्यांना सबंध वायरिंग उकलण्यापेक्षा जड गेलं. "बस. सगळं सांगते."

प्रियदर्शनी चपला घालून गाडीत बसली. गल्लीच्या तोंडाशी तिनं हळूच विचारलं, "राघवेंद्रला सांगून निघालात काय?"

"न्हाई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्टिअरिंग पुरतं उजवीकडं फिरवलं.