नाचणगावच्या जात्यावरची उलटी ओवी

मित्रांनो, दाराजवळच्या ज्या दगडावर तुम्ही चपला झटकता, तो पायरीचा दगड नाही. ते मी आहे, एक जुनं जातं. माझ्या मधल्या भोकात आता चिमण्या चोच घालतात. पण एके काळी नाचणगावात माझ्या घरघरीवरून लोक या घरची भाकर ओळखायचे, हे आधीच सांगून ठेवायला हवं.

काळ्या खडकातून तानबा पाथरवटाने मला घडवलं. त्याने दोन गोल दगड एकमेकांवर बसवले, वर खुंटा ठोकला आणि मनकर्णाबाईला बजावलं, "बाई, याले उपाशी फिरवू नोको. दाणा नसला का दगड दगडाले खाते." मनकर्णाबाईने ते देववाक्य मानलं. वीस वर्षं तिने मला ओढलं, पण एकदाही उपाशी फिरवलं नाही. बाई कडक होती. शब्द मोजून बोलायची आणि बोलली की तो शब्द फिरवायची नाही.

मग एकोणीसशे चौपन्न साली सून आली. सुमित्रा. नवरा मधुकर पुलगावला मिलमध्ये कामाला होता आणि दिवसा घरात या दोघीच असायच्या. सुमित्राचा हात कामाला चांगला होता, पण एक खोड होती. कागद दिसला की ती वाचायची. हिंगाच्या पुडीचा कागदसुद्धा सोडायची नाही. एकदा वाचता वाचता वरण करपलं आणि मनकर्णाबाईने सुनावलं, "पुन्हा पुस्तक दिसलं तं चुलीत घालीन." शब्द दिला गेला.

आता ऐका या पोरीची हुशारी. शाळेच्या मास्तरांची बायको शोभाबाई तिला लपून पुस्तकं द्यायची. दुपारी सासू अंगणात तूर निवडायला बसली की सुमित्रा माझ्यापाशी यायची, सुपात ज्वारीला टेकवून पुस्तक उघडायची आणि वाचायची. मोठ्याने. जात्यावर बसलेली बाई गप्प असली की सासूला शंका येते, म्हणून ती गोष्ट चक्क ओवीच्या चालीवर म्हणायची! एका हाताने खुंटा ओढायची, दुसऱ्याने मूठ मूठ दाण्यांची वैरण घालायची. पान उलटायला वैरणीचा हात लागायचा, तेवढा वेळ मी तोंडातल्या घासावर तग धरायचं. असा आमचा दोघांचा कट होता. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा वाटायची.

त्या आठवड्यात एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट चालली होती. बाप तापाने पडलेला, नदीला पूर, आणि पलीकडून औषध आणायला ती पोर एकटीच नाव घेऊन निघालेली. गोष्टीत नाव मधोमध आली आणि इकडे शोभाबाईचा निरोप आला की मास्तरांची बदली समुद्रपूरला झाली आहे. उद्या सकाळच्या मोटारीने बिऱ्हाड निघणार आणि पुस्तकंही त्यांच्याबरोबर जाणार.

त्या शेवटच्या दुपारी सुमित्रा बसली तीच मुळी घाईने. वीस पानं उरली होती. ती ओढत होती, वाचत होती, भराभर पानं उलटत होती. पान उलटलं की वैरणीचा हात सुपाकडे जायचा, पण तो आता पुस्तकावरच राहू लागला. एक घास चुकला. दुसरा चुकला. माझ्या पोटातलं पीठ संपत आलं. पोरी, दाणा टाक गं, दाणा! पण दगडाला ओरडता येतं ते एकाच प्रकाराने. दगड दगडाला घासला आणि मी असं किंचाळलं की अंगणातली कोंबडी उडाली.

मनकर्णाबाई उठली. तिची पावलं मला ओळखीची होती. सुमित्राने पुस्तक झटकन ज्वारीखाली दडपलं.

"उपाशी काऊन फिरवून राह्यली?"

"चुकलं जी, आत्याबाई."

"सरक. ज्वारीत खडे असन." असं म्हणून तिने सूप उचललं आणि पाखडायला पहिला झटका दिला. ज्वारी उडाली, आणि पुस्तक माझ्या अंगावर आपटलं.

दोन हातांवर चूल पेटलेली होती. दुपारच्या चहाचं आधण चढलेलं. मनकर्णाबाईने पुस्तक उचललं आणि चुलीकडे वळली. इतकी वर्षं मी फिरलं, पण पळता यावं असं मला तेव्हाच पहिल्यांदा वाटलं.

"नका टाकू जी!" आजवर कधी आवाज न चढवलेली सुमित्रा ओरडली. "लोकाचं आहे. मले मारा पायजे तं."

मनकर्णाबाई चुलीपाशी थांबली. पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. ते सरळ कुठून धरायचं हे तिला माहीत नव्हतं.

"सुनेच्या ओवीत भाऊ येते, माहेर येते," ती म्हणाली. "तुह्या ओवीत चार दिस झाले नाव हेलकावे खाऊन राह्यली. मी का बहिरी आहो? काल तू मधातच बंद केलं. मले रात्रचं जेवण गेलं नाई."

सुमित्रा बघतच राहिली. मीही.

"ते पोरगी काठाले लागली का नाई?"

"वाचाचं राह्यलं जी."

"मंग बस. मी ओढतो. तू नीट सांग, चालीगिलीवर नोको."

म्हातारी माझ्यासमोर बसली, वैरण घातली, खुंटा धरला. दोन फेरे झाले. सुमित्राचा आवाज माझ्या घरघरीत निम्मा बुडत होता. तेव्हा मनकर्णाबाईने खुंटा सोडला आणि आपला खरखरीत तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

"थांब बाप्पा जरासं," ती मला म्हणाली.

तोंडात घास असताना मला कुणी थांबवलं ते आयुष्यात पहिल्यांदा. आधण आटलं, चूल विझली. पोर काठाला लागली तेव्हा मनकर्णाबाई पदराने डोळे पुसत होती. मधुकर मिलमधून आला तर घरात पीठ नव्हतं. पानात कण्या पाहून त्याने भाकरीचं विचारलं.

"जात्याले टाकी लावा लागते," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाली. "आणि तू उद्या येताना पुलगावच्या वाचनालयातून पुस्तक आणजो."

तानबाने आदल्याच महिन्यात छिन्नीने माझा दगड खरबरीत करून मला टाकी लावली होती! पण तो खोटा आळ मी आनंदाने सोसला.

पुढे गावात पिठाची चक्की आली आणि मी दाराशी आलं. याचं दुःख आहेच, लपवत नाही. मनकर्णाबाई गेली. सुमित्रा मात्र अजून दुपारी माझ्यावर टेकून पुस्तक उघडते. तुम्ही मात्र म्हणता, वाचायला वेळ नाही. चक्कीने तुमच्या हातची सगळी दुपार सोडवून दिली, ती गेली कुठे? त्या बाईला एक अक्षर येत नव्हतं, घरात पीठ नव्हतं, तरी तिने वेळ काढला. मित्रांनो, मी दगड, मला आपणहून थांबता येत नव्हतं. तुम्ही तर माणसं आहात.